ब्रँड, पॉल विल्सन

ब्रँड, पॉल विल्सन : (१७ जुलै १९१४ – ८ जुलै २००३). कुष्ठरोगाने आखडलेले हात शस्त्रक्रियेने पुन्हा कामाला लावणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक. जन्म तमिळनाडूतील कोल्ली मलै डोंगरात, जेसी व एव्हलिन या मिशनरी दांपत्याच्या घरी. नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. १९२९ मध्ये वडील गेल्याची तार आली, पण त्यांनी आधी टाकलेली पत्रे बोटीने येत असल्यामुळे ती तारेनंतरही या मुलाच्या हाती पडत राहिली. आईने डोंगरी वस्त्यांमधले काम म्हातारपणीही सोडले नाही. ९५ व्या वर्षी, १९७४ मध्ये, ती वारली.

वडिलांच्या दवाखान्यातले रक्त-पू पाहून ब्रँड यांना वैद्यकीची शिसारी बसली होती. म्हणून त्यांनी आधी सुतारकाम व बांधकाम शिकून घेतले. वैद्यकीकडे ते नंतर वळले आणि युद्धकाळातल्या लंडनमध्ये डॉक्टर झाले. तिथली सहाध्यायी मार्गारेट बेरी हिच्याशी १९४३ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. मागोमाग मार्गारेट मुलांना घेऊन आल्या. सहा मुलांचा संसार सांभाळत त्या नेत्रतज्ज्ञ झाल्या. नवरा कुष्ठरुग्णांचे हात-पाय वाचवत होता, त्या डोळे.

चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग रुग्णालयात ब्रँड यांनी एका रुग्णाच्या वाकड्या पंजात स्वतःचा हात दिला आणि दाबायला सांगितले. पकड इतकी जबर होती की रुग्णाची नखे त्यांच्या तळहातात रुतली. याचा अर्थ सगळे स्नायू मेलेले नव्हते. कोपराजवळचा मज्जातंतू निकामी झाला की पंजातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे आत वळतात. मनगट ते कोपर या भागातले बरेच स्नायू मात्र शाबूत राहतात. असा एक चांगला स्नायू घ्यायचा, गरज पडल्यास पायातली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) काढून त्याला जोडायची, तिच्या चार पट्ट्या करून चार बोटांवर बसवायच्या, अशी ही शस्त्रक्रिया. त्यानंतर मेंदूला नवी हालचाल शिकवण्याचे काम महिनोन्‌महिने चाले.

कुष्ठरोगात मांस सडून बोटे झडतात, असा तेव्हा डॉक्टरांचाही समज होता. एकदा कोठाराचे गंजलेले कुलूप ब्रँड यांना उघडेना. एका मुलाने किल्ली सहज फिरवली. त्याच्या बोटातून रक्त ठिबकू लागले. जखम हाडापर्यंत गेली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. मग ब्रँड व सहकाऱ्यांनी प्रत्येक जखमेचा माग काढायला सुरुवात केली. गरम भांडे, खिळा, बेढब चप्पल. रात्रीत गायब होणारी बोटे तर उंदीर कुरतडत होते. त्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली. बोटे झडण्याचे खरे कारण वेदना नसणे हे आहे, हा ब्रँड यांचा सर्वांत मोलाचा शोध. कोणत्याही एका शस्त्रक्रियेपेक्षा त्याची किंमत अधिक मानावी लागेल.

हात सरळ झाला म्हणून पोट भरत नव्हते. बरा झालेला एक भिकारी तर परत येऊन म्हणाला, आता कोणी भीक घालत नाही. तेव्हा ब्रँड यांनी वेल्लोरला ‘न्यू लाइफ सेंटर’ उभारले. तिथे रुग्ण लाकडी खेळणी बनवत आणि जाड मुठीची अवजारे कशी धरायची हे ब्रँड स्वतः शिकवत. जुने सुतारकाम इथे उपयोगी पडले. दयेपेक्षा काम हवे, हे त्याच सुमारास वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटेही दाखवून देत होते.

१९६० मध्ये त्यांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये कुटुंबासह ते अमेरिकेत, लुइझियानातील कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले. बधिर पायाच्या जखमेवर घट्ट बसणारे प्लास्टर घालायचे, म्हणजे चालताना दाब सगळ्या तळव्यावर विभागला जातो, ही उपचारपद्धती त्यांनी रुजवली. मधुमेहातही पाय असाच बधिर होतो, म्हणून ती मधुमेहींनाही लागू पडली. आज मधुमेहाच्या दवाखान्यात रोज तळवे तपासायला आणि अनवाणी न चालायला सांगतात, त्यामागे कुष्ठरुग्णांच्या पायांवरून मिळालेले हेच ज्ञान आहे. निवृत्तीनंतर ते सिॲटलला स्थायिक झाले आणि तिथेच त्यांचे निधन झाले.