ट्रोकॅडेरो पाडलं, वुर्लिट्झर वाचला

संगीत नाटकांमुळे आपल्याला ओळखीचा आहे तो पायाने भाता चालवायचा ऑर्गन. मूकपटांच्या काळातला थिएटर ऑर्गन ही निराळी चीज. त्यात विजेचा ब्लोअर हवा पुरवतो आणि शेकडो पाइप भिंतीआडच्या बंद खोल्यांत उभे असतात. प्रेक्षकांना दिसतो तो फक्त कन्सोल, म्हणजे वादक जिथे बसतो तो कीबोर्डांचा भाग.

या वाद्याचं बरंचसं श्रेय रॉबर्ट होप-जोन्स या इंग्रज टेलिफोन इंजिनिअरचं. कळ आणि पाइप यांच्यामध्ये त्याने विजेची तार आणली, त्यामुळे पाइपांचा एकच संच वेगवेगळ्या कीबोर्डवरून, वेगवेगळ्या सप्तकांत वाजवता येऊ लागला. 1903 मध्ये तो अमेरिकेला गेला, 1910 मध्ये वुर्लिट्झर या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीत आला, पण तिथे त्याचं जमलं नाही. 1914 मध्ये त्याने आयुष्य संपवलं. वुर्लिट्झरने मात्र पुढे असे दोन हजारांहून जास्त ऑर्गन बांधले. ड्रम, झांजा, झायलोफोन, पक्ष्यांची शीळ, सगळं एकाच वादकाच्या हाताखाली.

1927 नंतर बोलपट आले आणि अमेरिकेत या ऑर्गनचं मुख्य काम, म्हणजे मूकपटांना साथ देणं, तेच गेलं. ब्रिटनमध्ये मध्यंतरातलं वादन लोकप्रिय राहिलं. म्हणूनच 1930 मध्येही लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागातल्या ट्रोकॅडेरो सिनेमागृहात चार कीबोर्डांचा आणि पाइपांच्या 21 संचांचा भव्य वुर्लिट्झर बसला. क्वेन्टिन मॅक्लीन तो वाजवत असे.

1960 च्या दशकात ट्रोकॅडेरो पाडलं गेलं. सिनेमा ऑर्गन सोसायटीच्या हौशी मंडळींनी ऑर्गन आधीच ताब्यात घेतला होता. तो जवळच्याच बरो पॉलिटेक्निकच्या सभागृहात उभा राहिला आणि अनेक वर्षं वाजला. पुढे तीही जागा सोडावी लागली.

असं स्थलांतर म्हणजे नुसती हमाली नव्हे. पाइप एकेक करून उतरवायचे, जुनं झालेलं चामडं बदलायचं, तारांचं जंजाळ पुन्हा जुळवायचं. त्यातूनही जागेचा प्रश्न उरतोच, कारण हजारो प्रेक्षकांच्या दालनासाठी घडवलेला आवाज छोट्या हॉलमध्ये कोंडतो. माझ्या मते पाइपांइतकंच ते दालनही जपायला हवं. ते शक्यच नसेल, तर निदान त्या तोलामोलाची जागा शोधायला हवी. ट्रोकॅडेरोच्या ऑर्गनला ती मिळाली. पूर्व लंडनचं ट्रॉक्सी हे 1933 चं सिनेमागृह मधल्या काळात बिंगो हॉलही होऊन गेलं होतं. 2015 मध्ये हा वुर्लिट्झर तिथे पुन्हा वाजू लागला.