आधी हळदीला विचारा

चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये कालवली, टिपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून वाळवल्या आणि चेहऱ्याला-केसांना लावायच्या एकेका जिनसाची परीक्षा घेतली. अंगाच्या साबणाचं ओलं बोट लागताच पट्टी लालसर तपकिरी झाली. खायच्या सोड्यानेही रंग पालटला. शिकेकाईचं पाणी, दही, लिंबू यांनी मात्र पट्टी पिवळीच राहिली. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं; हळदीचं कुंकू करतात तेही याच गुणावर.

निरोगी त्वचेचा सामू (pH, आम्ल-अल्कलीचं माप) ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. साबणाच्या अल्कलीने केस फुगतात, त्यांच्यावरचे खवले उचलले जातात आणि गुंता होतो. शिकेकाईचं पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने तो प्रश्न येत नाही. तिच्यात आणि रिठ्यात सॅपोनिनं असतात. या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि मळ वाहून जातो. शिकेकाईला फेस कमी येतो म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. रिठा डोळ्यांत गेला तर मात्र जबर झोंबतो.

हळदीच्या पट्टीला एक गोष्ट कळत नाही: आम्ल सौम्य की जहाल. लिंबाच्या रसाचा सामू साधारण २. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते, म्हणजे त्वचेच्या तुलनेत हजारपट! शिवाय आपलं कागदी लिंबू, विशेषतः त्याची साल, फ्युरानोकौमरिन नावाचं रसायन बाळगून असते. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग उरतात. डाग घालवायला लिंबू चोळणाऱ्यांना हे कोण सांगणार? घरगुती लेपांतून एकच वस्तू काढायची झाली तर मी लिंबू काढेन.

मुलतानी माती तेल शोषते, कोरड्या त्वचेवर ती पूर्ण वाळेपर्यंत ठेवू नये, एवढंच. अंड्यातली प्रथिनं आख्खी केसात शिरण्याइतकी लहान नसतात.

खोबरेल मात्र खरोखर आत शिरतं. त्यातल्या लॉरिक आम्लाची साखळी १२ कार्बनांची, आखूड आणि सरळ. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल केसांवर ताडून पाहिलं. प्रथिनांची झीज लक्षणीय कमी केली ती फक्त खोबरेलाने. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही ध्यानात ठेवावं. पण कारण पटण्याजोगं आहे: तेल मुरलेला केस धुताना पाणी कमी पितो, कमी फुगतो. अभ्यंगाला तेल आधी आणि शिकेकाई मागून, हा आजीचा क्रम केसांच्या सोयीचाच होता.

नवा लेप मात्र आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहावी. माझ्या हातावर दालचिनीने दुसऱ्या दिवशी पुरळ उठवलं. पट्टी तेव्हा पिवळीच होती.