उद्याचा पाऊस मोजणारी भाषा

जून उजाडला की फोनवर इशारे यायला लागतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर ऑरेंज अलर्ट. त्या एका ओळीवर कुणी ट्रेक रद्द करतं, कुणी वापसा येईपर्यंत पेरणी लांबवतं. ती ओळ तयार होण्याआधी महासंगणकावर जी अफाट आकडेमोड चालते, तिचा गाभा फोर्ट्रान या संगणकाच्या भाषेत लिहिलेला असतो. फोर्ट्रान बाजारात आली ती १९५७ साली. कॉलेजातल्या मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात, कारण त्यांच्या लेखी ही भाषा केव्हाच इतिहासजमा झालेली असते.

आयबीएम या संगणक कंपनीत जॉन बॅकस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये हे काम हाती घेतलं. तोवर संगणकाला प्रत्येक बारीकसारीक सूचना त्याच्याच सांकेतिक आकड्यांत द्यावी लागे. बॅकसचं म्हणणं असं, की गणितज्ञाने सूत्र लिहावं आणि त्याचं भाषांतर यंत्राने करावं. फॉर्म्युला ट्रान्सलेशन, म्हणून फोर्ट्रान. हाताने प्रोग्राम लिहिणाऱ्या तरबेज मंडळींचा यावर विश्वास नव्हता. यंत्राने केलेलं भाषांतर संथ चालणार, असं त्यांना वाटे. त्यामुळे या चमूने सगळी ताकद वेगावर लावली. आकडेमोड वेगाने झालीच पाहिजे, हा हट्ट फोर्ट्रानच्या अंगात जन्मापासून आहे आणि तिच्या दीर्घायुष्याचं कारणही मला तोच वाटतो.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्या काळी फोर्ट्रानचा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर ८० रकाने. पहिले पाच ओळीच्या क्रमांकासाठी, सहावा आधीच्या कार्डावरची ओळ पुढे चालू आहे हे सांगण्यासाठी, सात ते बहात्तरमध्ये खरी सूचना. उरलेले आठ रकाने यंत्र वाचतच नसे. लोक तिथे कार्डांचे अनुक्रमांक पाडून ठेवत, म्हणजे गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर पसरला तरी पुन्हा लावता येई.

त्या जुन्या फोर्ट्रानला मोकळ्या जागेची किंमत नव्हती. ‘डू १० आय = १,१००’ असं लिहिलं, तर १० क्रमांकाच्या ओळीपर्यंतच्या सूचना, एक ते शंभर मोजत, शंभर वेळा करा, असा अर्थ. स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं, तर यंत्र सगळी अक्षरं जोडून ‘डू१०आय’ नावाचा एक नवाच चल धरी, त्यात १.१ ही किंमत ठेवी आणि मुकाट पुढे जाई. तक्रार नाही, इशारा नाही. १९९० च्या आवृत्तीपासून नवीन पद्धतीच्या लेखनात ही मोकळीक बंद झाली.

आता पुण्यात पाषाणला येऊ. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक आला. हवामानाचं प्रारूप पृथ्वीभोवतालच्या हवेचे चौकोन पाडतं आणि त्यांचे थरावर थर रचतं. प्रत्येक चौकोनातलं तापमान, दाब, बाष्प आणि वारा घेऊन काही मिनिटांनी तिथे काय होईल, हे काढतं. मग त्यापुढची काही मिनिटं, आणि असं करत दहा दिवस. आपल्याकडे जगाच्या अंदाजासाठी वापरलं जाणारं जीएफएस आणि एखाद्या प्रदेशापुरतं बारकाईने पाहणारं डब्ल्यूआरएफ, या दोन्ही प्रारूपांचं मुख्य गणित फोर्ट्रानमध्ये आहे.

चौकोन केवढा, यावर सह्याद्रीत सगळं अवलंबून असतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि घाट उतरून वाईत आलं की तो कितीतरी पटींनी कमी. चौकोन १२ किलोमीटरचा असेल तर कडा, पठार आणि दरी यांची सरासरी होऊन डोंगर बोथट होतो. म्हणून २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टिमने तो सुमारे ६ किलोमीटरवर आणला. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात. वारा एका झेपेत अख्खा चौकोन ओलांडून जाऊ नये, म्हणून वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे काम आठपट, आणि अंदाज मात्र वेळेतच हवा. पाऊस पडून गेल्यावर आलेला अंदाज काय कामाचा?

इथे तो जुना हट्ट कामी येतो. आकड्यांच्या मोठमोठ्या तक्त्यांवर अख्खीच्या अख्खी क्रिया फोर्ट्रानमध्ये एका ओळीत लिहिता येते. एका कामाला दिलेले दोन तक्ते स्मृतीत एकमेकांवर चढलेले नाहीत, हे ही भाषा गृहीत धरते. त्यामुळे भाषांतर करणारा कंपायलर निर्धास्तपणे सूचनांचा क्रम बदलून अनेक आकडे एका दमात हाताळतो.

विमानाभोवतीच्या हवेचं गणित, अणुभट्टीतले न्यूट्रॉन, रेणूंची रचना, अशा कामांतही ती आहेच. पायथॉन ही भाषा शिकणारा विद्यार्थी तिच्यातला सायपाय हा तयार गणिती प्रोग्रामांचा संच वापरून समीकरणं सोडवतो, तेव्हा ते गणित सहसा लॅपॅक या दुसऱ्या अशाच संचाकडे जातं, आणि लॅपॅक मुळात फोर्ट्रानमध्ये लिहिलेला आहे.

मग हे सगळं नव्या भाषेत का लिहून काढत नाहीत? काही ठिकाणी तसे प्रयत्न झालेत. पण या प्रोग्राममध्ये लाखो ओळी असतात, आणि त्यातल्या कितीतरी ओळींमागे वर्षानुवर्षं प्रत्यक्ष पावसाशी, वादळाशी ताडून पाहिलेलं काम आहे. शिवाय हवामानाच्या गणितात दशांशानंतर दूरवरचा एक आकडा बदलला, तरी दहाव्या दिवसाचं चित्र वेगळं येतं. मग फरक नव्या चुकीमुळे पडला की हवेच्या स्वभावामुळे, हे शोधता शोधता माणसं थकतात.

ब्रिटनच्या हवामान खात्याने नव्या महासंगणकांसाठी आपलं प्रारूप मुळापासून लिहायला घेतलं, तेव्हा त्यांच्यासमोर पाटी कोरी होती. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता हाताने हवामानाचं गणित मांडणाऱ्या लुईस फ्राय रिचर्डसनच्या नावावरून त्यांनी त्याचं नाव एलएफरिक ठेवलं. त्यातलं विज्ञान लिहायला भाषा निवडली ती फोर्ट्रानच.