कूड

मुंबईत पोटापाण्यासाठी येणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती पुरुषांची, मूळ गावाच्या नावाने चालणारी सामाईक राहण्याची जागा. व्यवहारात ‘क्लब’ हाच शब्द अधिक चालतो. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असल्याने मुंबई ही गोवेकराच्या दृष्टीने परक्या राज्यातली होती. तेथे जामीन राहणारे कोणी नसलेल्या माणसाला गावच्या नावावर पाठ टेकायला जागा मिळे, हे या प्रथेचे मोल.

व्युत्पत्ती : कोकणीत कूड म्हणजे खोली. तिचे मूळ संस्कृत ‘कुड्य’ (भिंत) की ‘कुटी’ (झोपडी), याविषयी एकमत नाही. कुड्य > कुड्ड > कूड ही परंपरा ध्वनिदृष्ट्या निर्दोष आहे. मराठीतील कूड, म्हणजे कारवीची किंवा कामट्यांची शेणामातीने लिंपलेली भिंत, तिच्याच बाजूने साक्ष देते; भिंतीवरून भिंतींआडची जागा हा अर्थविस्तारही सहज होतो. मात्र मराठी कूड पुल्लिंगी आहे व कोकणी कूड स्त्रीलिंगी (‘कुडींत’ = खोलीत). ‘कुटी’पासून ट चा ड होऊन व अंत्य स्वर लोपून कूड होणेही तितकेच नियमित असून लिंगाची अडचण तेथे उरत नाही. कोकणीत कूड म्हणजे शरीरही, आणि मराठीत त्याच अर्थी ‘कुडी’ आहे. ही जोडी लक्षात घेता ‘कुटी’कडे झुकते माप द्यावेसे वाटते.

उगम : साधारणपणे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारामुळे गोव्याच्या मिठाच्या धंद्याला धक्का बसला. पुढच्या दशकात मुरगाव बंदर रेल्वेने ब्रिटिश मुलखाशी जोडले गेले आणि स्थलांतराला वेग आला. आगबोटींवरचे तारवटी, खानसामे, बबर्ची, शिंपी व वादक यांची वस्ती धोबी तलाव, सोनापूर, कावेल, डाबूल, माझगाव या भागांत वाढली. धोबी तलावाच्या जेर महाल या इमारतीत अनेक गावांच्या कुडी एकत्र नांदल्या.

संघटनेचा नमुना गावकारीचा (कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची संस्था) की चर्चच्या कोंफ्रारियाचा (धार्मिक बंधुमंडळ), हाही वादाचा मुद्दा आहे. सभासदत्व गावापुरते असणे, काही ठिकाणी ते वाड्यापुरते वा जातीपुरते आवळलेले असणे, हे गावकारीची आठवण देते. पण गावकारीचा पाया सामाईक जमीन हा होय, आणि मुंबईत जमीन नव्हतीच. आश्रयदाता संत, सामाईक निधी, आजाऱ्याची देखभाल व वार्षिक फेस्त (संताचा उत्सव) ही अंगे कोंफ्रारियाशी अधिक जुळतात.

व्यवस्था : मोठी खोली, भिंतीलगत सभासदांच्या पेट्या, एका बाजूला वेदी. प्रत्येकाची हक्काची जागा म्हणजे त्याची पेटी. रात्री तिच्याजवळ चटई पसरायची. तारवटी बोटीवर गेला तरी पेटी कुडीतच राही. महिन्याची वर्गणी नाममात्र असे. संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) सर्वांनी मिळून म्हणायचा दंडक होता. स्त्रियांना येथे राहता येत नसे. एका बोटीवरून उतरून दुसरी मिळेपर्यंत कित्येक महिने जात. तेवढा काळ लॉजचे भाडे भरणे खलाशाला शक्य नव्हते, म्हणून पेटीची ही जागाच त्याच्या नोकरीचा आधार होती. गिरणगावात कोकणातल्या चाकरमान्यांनी चालवलेल्या गावमंडळांच्या खोल्या हा याचा जवळचा मराठी समांतर प्रकार. फरक इतकाच की तेथे निजण्याच्या पाळ्या गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे लागत, येथे सागरी फेऱ्यांप्रमाणे. हिंदू गोमंतकीयांनी १९१९ मध्ये मुंबईत स्थापलेल्या गोवा हिंदू असोसिएशनचे स्वरूप निराळे. निवास हा तिचा मुख्य हेतू नव्हता.

तियात्राचा, म्हणजे गोमंतकीयांच्या कोकणी संगीतनाट्याचा, आद्य प्रयोग ‘इटालियन भुरगो’ १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. तियात्राचा प्रेक्षक व नट दोन्ही याच कष्टकरी वस्तीतले होते. म्हणून कुडीला केवळ स्वस्त निवारा समजणे अपुरे ठरते.

१९६१ नंतर गोव्यातच नोकऱ्या वाढल्या, पुढे आखाती देशांची वाट खुली झाली. कुडींतील वर्दळ ओसरली, तरी अनेक कुडी अद्याप चालू आहेत. दक्षिण मुंबईतील जुन्या भाडेकरू इमारतींचा पुनर्विकास हा त्यांच्यापुढचा आजचा प्रश्न होय.