कॉलेजं आणि एआय (सातारा–सांगली)

सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजांनी कृत्रिम बुद्धिमत्तेला, म्हणजे रोजच्या भाषेत एआयला, शिकवण्यात आणि परीक्षेत कशी जागा दिली किंवा नाकारली, त्याची ही नोंद. भाग शिक्षणात जुना आहे. सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं, रयत शिक्षण संस्था त्याच वर्षी कराड तालुक्यात काले इथं निघाली, वालचंद इंजिनिअरिंग १९४७ चं, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग १९६० चं. बरीचशी कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली, साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही आहे.

सुरुवात कधी धरायची यावर एकमत नाही. काहीजण एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) एआय आणि डेटा सायन्सच्या वेगळ्या शाखांना वाट मोकळी केली तिथून, म्हणजे साधारण २०२० च्या आसपास धरतात, पण कॉम्प्युटरच्या पोरांना एआय हा इलेक्टिव्ह पेपर त्याआधी कितीतरी वर्षं होताच, त्यामुळे ही तारीख शाखेच्या नावाची झाली, विषयाची नाही. दुसरं मत ३० नोव्हेंबर २०२२ चं, चॅटजीपीटी आलं तो दिवस. हेच जास्त पटतं, कारण त्यानंतर बीए-बीकॉमच्या वर्गातही प्रश्न आला आणि सबमिशनची फाईल तपासणाऱ्या प्रत्येक सरांना-मॅडमना त्यावर काहीतरी ठरवावं लागलं. एआयसीटीईने २०२५ हे एआयचं वर्ष म्हणून जाहीर केलं ते या सगळ्यानंतर.

सगळ्यात जास्त घोळ टक्क्यांचा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) साहित्यचोरीबद्दलच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढे १०–४०, ४०–६० आणि ६० च्या वर अशा शिक्षेच्या पायऱ्या. पण हे साम्य म्हणजे आधी छापलेल्या मजकुराशी जुळणी, आणि एआय प्रत्येक वेळी वाक्य नव्याने जुळवतं म्हणून ते इथं सापडेलच असं नाही. एआय डिटेक्टरचा, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का वेगळाच, तो फक्त अंदाज असतो, तरी दोन्ही आकडे एकच समजून पोरांना धारेवर धरलं जातं. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ मध्ये काढला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत बंद केला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध सरासरी ६१ टक्के वेळा एआयचे ठरले. सांगलीतल्याच जत-आटपाडी तालुक्यांकडून मराठी माध्यमात शिकून आलेली पोरगी इंग्रजी साधं, ठरावीक शब्दांतच लिहिते, म्हणजे खोटा आळ तिच्यावरच आधी येणार. नुसत्या टक्क्यावर मार्क कापणं अन्यायाचं आहे.

हाताने लिहून आणा हा उपायही तोकडा, कारण मोबाईल समोर ठेवून जर्नलमध्ये निळ्या पेनाने उतरवता येतंच, कधी कधी तर ‘आणखी उदाहरणं हवीत का?’ ही शेवटची ओळसुद्धा उतरवलेली असते. तोंडी परीक्षा जास्त खरी ठरते. प्रोग्राममधली एक ओळ पुसायची आणि आता आउटपुट काय येईल विचारायचं, दोन मिनिटांत कळतं. अडचण एवढीच की साठ-सत्तर पोरांच्या वर्गात तासिका तत्त्वावरचा एकटा प्राध्यापक प्रत्येकाची व्हायवा नीट घेणार कधी, म्हणून आधी जागा भरायला हव्यात, सॉफ्टवेअर नंतर.

मराठीतल्या उत्तरांना एआय वापरण्याबद्दल कला शाखेत फारसं काही ठरलेलं दिसत नाही.