गाडीतील लपलेल्या सेटिंग्ज उघडण्यापूर्वी : मूळ कोडिंग जपून ठेवण्याविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

किल्लीवरचे बटण दाबून धरले की चारही काचा वर जाव्यात, इग्निशन चालू करताच मीटरचे काटे एकदा पूर्ण फिरून यावेत, गाडीने वेग घेतला की दारे आपोआप लॉक व्हावीत, या सोयी आपल्या गाडीत दडलेल्या आहेत असे ऐकून फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांचे अनेक मालक आमच्याकडे चौकशी करतात. त्यांतील बरेच जण घरी थोडा प्रयत्न करून झाल्यानंतर येतात. घरी प्रयत्न करण्यास आमची हरकत नाही. योग्य साधन हाती असेल तर यातील बऱ्याच गोष्टी मालकाला स्वतः करता येतात. मात्र एका चुकीमुळे तासाभराच्या कामाला पूर्ण दिवस लागतो, आणि ती चूक टळावी म्हणून हे पत्रक लिहिले आहे.

लपलेले मेनू सगळे एका प्रकारचे नसतात. काही मेनू केवळ बटणांच्या जोडीने उघडतात आणि त्यांत मुख्यतः वाचण्यापुरती माहिती असते. फोर्डच्या काही गाड्यांत स्टिअरिंगवरचे ओके बटण दाबून धरून इग्निशन चालू केले की मीटरची चाचणी सुरू होते. बीएमडब्ल्यूच्या जुन्या मालिकांत चासी क्रमांकाच्या शेवटच्या पाच अंकांची बेरीज दिली की मीटरमधील कुलूपबंद चाचण्या खुल्या होतात. अशा मेनूंमध्ये नुसते पाहून परत फिरल्यास सहसा काही बिघडत नाही. फोक्सवॅगन गटाच्या टचस्क्रीनमध्ये ‘ग्रीन मेनू’ नावाने ओळखला जाणारा विभाग मात्र कारखान्यातील अभियंत्यांसाठी आहे. तो उघडण्यासाठी आधी डेव्हलपर मोड चालू करावा लागतो आणि त्यातील बदल खरोखर लागू होतात, म्हणून माहिती नसलेल्या ओळीला तेथे हात लावू नये.

आपल्याला हव्या असलेल्या बहुतेक सोयी या मेनूंत नसतातच. त्या डॅशबोर्डखालील सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमधून (गाडीची तपासणी करण्यासाठी दिलेल्या जोडणीतून), संगणकावर चालणाऱ्या व्हीसीडीएस किंवा फोनवर चालणाऱ्या ओबीडी-इलेव्हनसारख्या साधनाने, निरनिराळ्या कंट्रोल मोड्यूलचे (गाडीतील छोट्या संगणकांचे) कोडिंग बदलून चालू कराव्या लागतात. बाजारात अगदी स्वस्तात मिळणारे ब्लूटूथ डोंगल मुख्यतः इंजिनाचे सर्वसाधारण फॉल्ट कोड वाचण्यासाठी असतात. त्यांच्याकडून कोडिंगची अपेक्षा करू नये. कोणतेही डोंगल काम झाल्यावर सॉकेटमध्ये तसेच ठेवू नये, कारण या सॉकेटच्या सोळाव्या पिनवर इग्निशन बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू राहतो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

कोडिंग म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक मोड्यूलमध्ये त्याने कसे वागावे हे सांगणारी अंकाक्षरांची एक ओळ असते; तीच त्याचे कोडिंग. दिवे, वायपर, काचा आणि लॉक यांचा कारभार पाहणारे मोड्यूल शून्यनऊ या पत्त्यावर असते, मीटर सतरावर, एअरबॅग पंधरावर आणि या सर्वांना जोडणारा गेटवे एकोणीसवर. शून्यनऊ मोड्यूलची कोडिंगची ओळ ३० बाईटपर्यंत, म्हणजे ६० अंकाक्षरांपर्यंत लांब असू शकते. प्रत्येक बाईटमध्ये आठ बिट असतात आणि त्यांतील एकेक बिट आपल्या गाडीत अमुक एक वस्तू आहे की नाही, किंवा अमुक सोय चालू ठेवायची की बंद, हे ठरवतो. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा ही ओळ त्या गाडीच्या मॉडेलला, व्हेरियंटला आणि ती ज्या देशात विकली जाणार आहे त्या देशाला अनुसरून लिहिलेली असते. त्यामुळे चाकणमध्ये तयार झालेली पोलो आणि जर्मनीत विकलेली पोलो बाहेरून सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या ओळी सारख्या नसतात. आपल्याच सोसायटीत उभ्या असलेल्या दोन पोलोंच्या ओळीही, व्हेरियंट वेगळे असल्यास, वेगळ्या निघतात.

आता त्या चुकीविषयी. आपली मूळ ओळ कोठेही न उतरवता, दुसऱ्या कोणाच्या गाडीची संपूर्ण ओळ आपल्या मोड्यूलमध्ये चिकटवणे, हीच ती चूक. हवा असतो एक बिट आणि बदलले जातात शेकडो. ज्या गाडीची ओळ उचलली तिला पाऊस ओळखणारा सेन्सर असेल आणि आपल्या गाडीला नसेल, तर मोड्यूल तो सेन्सर शोधत राहते आणि दोष नोंदवते. त्या गाडीला दिवसा जळणारे वेगळे दिवे असतील, तर आपल्याकडे नसलेल्या दिव्याचा बल्ब गेल्याची सूचना मीटरवर येते. परदेशी गाडीची ओळ असेल, तर स्टिअरिंग डावीकडे असल्याचे गृहीत धरलेल्या नोंदीही तिच्यासोबत येतात. गाडीत नसलेल्या मोड्यूलवर गेटवेच्या यादीत खूण केली, तर ‘संपर्क होत नाही’ असा फॉल्ट कायमचा वस्तीला येतो. यातील काहीही पहिल्या दिवशी लक्षात येईलच असे नाही. काटे फिरताना पाहून समाधान होते, आणि पहिल्या पावसात वायपर वेडेवाकडे चालू लागले की वायरिंग खराब झाली असा समज होऊन गाडी आमच्याकडे येते.

अशा गाडीत बिघडलेले काहीच नसते. फक्त ती मुळात कशी होती, याची नोंद उरलेली नसते. मग आम्हाला डिकीतील स्पेअर व्हीलच्या खळग्यातल्या किंवा सर्व्हिस बुकातल्या स्टिकरवरील पीआर कोड (गाडी कोणकोणत्या सोयींसह बनली हे सांगणारे कारखान्याचे कोड) वाचून, प्रत्यक्ष बसवलेले दिवे, सेन्सर आणि स्विच तपासून ती ओळ बाईटगणिक पुन्हा उभी करावी लागते. चाकण आणि शेंद्रा येथील कारखान्यांतून आलेल्या अनेक मॉडेलांचे मूळ स्कॅन आम्ही जपून ठेवले आहेत आणि त्यांचा या कामी मोठा उपयोग होतो, तरीही काम वेळखाऊच असते. ‘फक्त एक सेटिंग परत करायची आहे, त्याचे एवढे पैसे कसे?’ असे विचारणाऱ्या ग्राहकांनी हे ध्यानात घ्यावे, अशी विनंती आहे.

मूळ नोंद ठेवणे कठीण नाही. व्हीसीडीएस वापरत असाल, तर कशालाही हात लावण्यापूर्वी पूर्ण ऑटोस्कॅन (सर्व मोड्यूलची एकत्र तपासणी) करून ती फाईल गाडीबाहेर, संगणकावर किंवा मेलमध्ये, जपून ठेवावी. ऑटोस्कॅनमध्ये प्रत्येक मोड्यूलचे कोडिंग उतरते, परंतु अॅडॅप्टेशन चॅनलमधील (कोडिंगच्या ओळीबाहेर स्वतंत्र साठवलेल्या सेटिंग्जमधील) मूल्ये उतरत नाहीत, आणि जाणकार मंडळींचीही नेमकी येथेच गफलत होते. ऑक्टेव्हियासारख्या एमक्यूबी बांधणीच्या (फोक्सवॅगन गटाच्या अनेक मॉडेलांना सामायिक असलेल्या रचनेच्या) गाड्यांत दिव्यांच्या आणि लॉकच्या बऱ्याच सेटिंग्ज अॅडॅप्टेशनमध्येच असतात, म्हणून त्यांचा नकाशा, म्हणजे सर्व चॅनलमधील मूल्यांची यादी, वेगळा काढून ठेवावा. ओबीडी-इलेव्हनमध्ये बदलांचा इतिहास साठवला जातो; तो पुसू नये. एका वेळी एकच बदल करावा, इग्निशन बंद करून पुन्हा चालू करावी, परिणाम पाहावा आणि मगच पुढे जावे. एखाद्या मोड्यूलने सुरक्षा कोड मागितला, तर अंदाजाने आकडे घालत बसू नये. चुकीचे प्रयत्न वाढले की मोड्यूल काही काळ प्रवेशच देत नाही. फोक्सवॅगन गटाच्या नव्या पिढीतील एसएफडी संरक्षण (मोड्यूलमधील बदलांना कंपनीने लावलेले कुलूप) असलेल्या गाड्यांत तर संरक्षित बदलासाठी कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी घ्यावी लागते, तेथे घरगुती प्रयत्नांना फारसा वाव नाही.

आमच्याकडे गाडी आली की आम्ही प्रथम तिला स्थिर विद्युतपुरवठा जोडतो. बॅटरी बाहेरून ठीक दिसली तरी इग्निशन चालू ठेवून बसल्यावर विद्युतदाब घसरत जातो, आणि लिहिण्याच्या मधोमध दाब पडला तर मोड्यूल अर्धवट अवस्थेत अडकण्याचा धोका असतो. त्यानंतर स्कॅन, अॅडॅप्टेशनचा नकाशा, मग बदल, पुन्हा स्कॅन, आणि शेवटी एक फेरी मारून तपासणी. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही स्कॅन आम्ही ग्राहकाला छापून देतो आणि आमच्याकडेही ठेवतो. त्याचे वेगळे शुल्क घेत नाही. पुढे कधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाण्यापूर्वी गाडी मूळ स्थितीत हवी असेल, तर तीच नोंद वापरून ती करून देतो. दाराशी येऊन पाच मिनिटांत कोडिंग करणारे लोक आहेत आणि ते आमच्यापेक्षा स्वस्त आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांच्याकडून काम करून घेणार असाल, तरी आधीचा स्कॅन अवश्य मागून घ्यावा.

काही कामे आम्ही घेत नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना चालक आणि शेजारच्या आसनासाठी सीटबेल्टची सूचना, तसेच ताशी ८० किलोमीटरच्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी वेगाची सूचना बंधनकारक आहे. हे आवाज त्रासदायक वाटतात हे मान्य आहे, तरी आम्ही ते बंद करत नाही. सीटबेल्टचा आवाज थांबवणाऱ्या क्लिपा विक्रीतून काढून टाकण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना दिले होते. कोडिंगने तेच साधणे आम्हाला योग्य वाटत नाही. एअरबॅगच्या मोड्यूलमध्ये हौसेखातर बदल आणि किलोमीटरच्या आकड्याशी छेडछाड यांनाही आमचा नकार असतो.

चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल, तर येण्यापूर्वी डोंगलने कोड पुसू नयेत. कोडसोबत त्या क्षणीचा इंजिनाचा वेग, तापमान आणि भार यांची नोंद साठलेली असते, आणि कोड पुसला की तीही जाते. मग तोच दोष पुन्हा दिसेपर्यंत वाट पाहत बसावे लागते.

कोडिंगसाठी येताना दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस बुक आणि आपण आधी काही बदल केले असल्यास ते ज्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून केले तो सोबत आणावा. काय बदलले हे आठवत नसेल, तर तसे सांगण्यात संकोच करू नये. आम्ही तपासणीसाठी अधिक वेळ राखून ठेवतो, इतकाच फरक पडतो. एमक्यूबी गाड्यांसाठी अर्धा दिवस धरावा आणि वेळ आदल्या दिवशी फोनवर ठरवून घ्यावी.