टमी टकनंतर पोटावर राहिलेला झोळ, फुगवटा किंवा खळगा : आमच्याकडे येण्याआधी हे वाचा

रत्नागिरीतला आमचा दवाखाना लहान आहे. पूर्ण टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी आणि चरबी काढून पोट सपाट करायचं ऑपरेशन, आम्ही इथे करत नाही. त्याला पूर्ण भूल लागते, रात्रभर देखरेख लागते आणि वेळ पडलीच तर अतिदक्षता विभाग हाकेच्या अंतरावर असावा लागतो. ते ऑपरेशन तुम्ही मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरला करून आलेल्या असता. आमच्याकडे येतं ते मागे उरलेलं बारीकसारीक काम: टाक्यांच्या टोकाला आलेला झोळ, बेंबीखालचा फुगवटा, व्रणाच्या मध्येच पडलेला खळगा. हा कागद बायकांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय, पण वजन उतरवून पोटाची लोंबती कातडी काढून घेतलेल्या पुरुषांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

आधी तारीख सांगा

तुम्ही पोट दाखवण्याआधी आम्ही एकच विचारतो: ऑपरेशनला किती दिवस झाले? मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत ऑपरेशन झालेलं असतं आणि गणपतीला घर माणसांनी भरायच्या आत पोट सपाट हवं असतं. हिशेब साडेतीन-चार महिन्यांचा. तेवढ्यात पोट बसत नाही.

कारण सांगतो. या ऑपरेशनचा छेद एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, ओटीपोटाच्या अगदी खाली असतो. बेंबीखालच्या भागातलं पाणी ज्या बारीक लसिकावाहिन्यांतून जांघेकडे उतरतं, त्या या छेदात तुटतात. नव्या वाटा तयार होईपर्यंत पाणी व्रणाच्या वरच्या बाजूला तुंबतं. म्हणून सकाळी उठल्यावर पोट बरं वाटतं आणि दिवसभर उभ्याने काम झालं की संध्याकाळी फुगतं. पहिले 6 ते 8 आठवडे ही सूज डोळ्यांना दिसते, तीन महिन्यांत बरीच उतरते आणि शेवटची थोडी सूज जायला सहा महिने ते वर्षसुद्धा लागतं. व्रणाचं गणित वेगळंच. तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जास्त लाल आणि टणक होतो, मग हळूहळू मऊ पडत जातो. पूर्ण निवायला 12 ते 18 महिने धरा.

सहा महिन्यांच्या आत आम्ही दुरुस्तीला हात लावत नाही. व्रण ओढला गेल्याची तक्रार असेल तर वर्षभर थांबलेलं बरं. सुजेवर चाकू चालवला तर सूज उतरल्यावर तिथे खड्डा दिसतो, आणि खड्डा भरणं फुगवटा काढण्यापेक्षा कितीतरी कठीण. आढीतला आंबा रोज दाबून पाहिला तर तो पिकत नाही, डागाळतो. पोटाचंही तसंच आहे.

घरी बघायचं असेल तर सकाळी आंघोळीआधी आरशासमोर सरळ उभं राहून बघा. बसल्यावर पोटाला वळी पडते तो दोष नव्हे. ती सडपातळ मुलीलाही पडते, नाहीतर माणसाला वाकताच आलं नसतं. महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा. सूज उतरतेय की नाही हे आठवणीपेक्षा फोटो खरं सांगतो.

कशाला काय म्हणायचं

सगळ्यांत जास्त तक्रार येते ती कमरेवर, व्रणाच्या दोन्ही टोकांना उभा राहणाऱ्या कातडीच्या शेंड्याची. डॉक्टरी भाषेत त्याला ‘डॉग इअर’ म्हणतात. आम्ही झोळ म्हणतो, कारण शिवणकाम येणाऱ्या बाईला तो लगेच कळतो. वरचं कापड लांब आणि खालची पट्टी आखूड असेल तर शिवत शिवत टोकाला आल्यावर कापड गोळा होतं. पोटाची वरची कड लांब असते, खालची आखूड. सर्जन ती जमेल तितकी वाटून घेतात, उरलेलं टोकाला येतं. कधी कधी व्रण पाठीपर्यंत जाऊ नये म्हणून ते जाणूनबुजून थोडा झोळ ठेवतात. त्यात हलगर्जीपणा नसतो.

लहान झोळ बऱ्याचदा वर्षभरात आपोआप बसतात. बसला नाही, निकरच्या इलॅस्टिकला घासू लागला, तर काढता येतो. तुम्हाला उभं करून पेनाने खुणा करतो (आडवं झाल्यावर झोळ पसरतो आणि माप चुकतं), त्या जागेपुरती भूल देतो, कातडीची आणि खालच्या चरबीची होडीच्या आकाराची फाक काढतो आणि टाके घालतो. एका बाजूला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. त्याच दिवशी घरी. पण एक गोष्ट आधीच नीट ऐकून घ्या: झोळ जातो तेव्हा व्रण लांबतो. दोन्ही बाजूंना काही सेंटिमीटर वाढ होणारच. ती मान्य नसेल तर झोळ राहू द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बेंबीच्या वरचा भाग जाड राहिला, अशीही तक्रार असते. टमी टकमध्ये पोटाची कातडी खालून सुटी केली जाते, तेव्हा तिला रक्त मुख्यतः दोन्ही कुशींकडून येतं. त्याच वेळी मधली चरबी फार खेचून काढली तर खालच्या कडेला रक्त पोहोचत नाही आणि कातडी काळी पडून मरू शकते. म्हणून तिथली चरबी बऱ्याचदा मुद्दाम ठेवतात. सहा महिन्यांनंतर, रक्तपुरवठा पुन्हा जमला की, बारीक नळीने लायपोसक्शन करून ती कमी करता येते. व्रणाच्या वर जाड आणि खाली पातळ अशी पायरी पडली असेल, तर तिथेही हाच उपाय.

खळगा असेल तर व्रण खालच्या थराला चिकटलेला असतो. तो सुईने सोडवून, गरज पडल्यास मांडीतली किंवा कुशीतली चरबी काढून तिथे भरतात. भरलेल्या चरबीतला काही भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे दुसऱ्यांदा भरावी लागू शकते. एकदाच येऊन काम फत्ते होईल असा शब्द आम्ही देत नाही.

हाताला टणक गाठ लागली तर घाबरू नका, पण ती दाखवा. रक्त न मिळालेली चरबी कडक होते, ती पुष्कळदा काही महिन्यांत विरते. बोटाने टिचकी मारल्यावर लाट उठली तर ते साठलेलं पाणी, म्हणजे सेरोमा. तो सिरिंजने काढतात, कधी पुन्हा पुन्हा. फार दिवस राहिला तर त्याभोवती पिशवी तयार होते आणि मग ती पिशवीच काढावी लागते. गाठ कशाची हे सोनोग्राफीत कळतं. खोकल्यावर किंवा उठून बसताना फुगवटा वर येत असेल, तर ते काम आमचं नाही. तो हर्निया असू शकतो किंवा टमी टकमध्ये पोटाच्या स्नायूंना आत घातलेला टाका सैल झालेला असू शकतो. त्यासाठी मूळ सर्जनकडेच जा.

आपल्या हवेत, आपल्या घरात

शहरातून मिळालेल्या कागदावर पोटावर आवळून बांधायचा ‘पट्टा 24 तास बांधा’ एवढंच लिहिलेलं असतं. कोकणातल्या दमट हवेत एकच पट्टा दिवसरात्र घातला की आठवड्यात घामोळं, पंधरवड्यात गजकर्ण. दोन पट्टे घ्या. पावसात एक वाळायला दोन दिवस लागतात हे आम्ही सांगायला नको. आत सुती गंजी घाला, आणि पट्ट्याला चुणी पडलेली असेल तर ती सारखी करा. सुजलेल्या पोटावर चुणीचा खोल वळ उठतो. परकराच्या नाडीचंही तेच. पहिले काही महिने नाडीऐवजी रुंद इलॅस्टिकचा परकर किंवा सैल गाऊन वापरा.

बेंबीखाली बरेच महिने बधिर वाटतं. म्हणून तिथे गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. चटका बसलेला कळत नाही आणि फोड आल्यावरच लक्षात येतं. ‘शेकलं की गाठ विरते’ म्हणणाऱ्या शेजारणीला नमस्कार करा आणि सोडून द्या.

जखम पूर्ण भरल्यावर सर्जननी सांगितलं असेल तर व्रणाला बोटांनी गोल गोल मालिश करा. खोबरेल तेल चालतं. सिलिकॉनची पट्टी घामाने सुटत असेल तर सिलिकॉन जेल घ्या. भरलेली कळशी उचलणं, भाताची पोती हलवणं, लावणीला वाकणं हे सहा आठवडे तरी नाही.

आणि मिशरी. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त मिशरी लावते’ असं सांगणाऱ्या आमच्या मावशींना पुन्हा एकदा: मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्याची कड काळी पडते. दुरुस्ती कितीही लहान असो, आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे मिशरी बंद. लपवून लावली तर टाकाच ते सांगतो.

यायचं ठरलं तर

पहिल्यांदा मूळ सर्जनना दाखवा. आत काय शिवलंय हे त्यांना माहीत असतं, आणि स्वतःच्या पेशंटची लहान दुरुस्ती काही सर्जन कमी खर्चात करूनही देतात. मुंबईचे हेलपाटे परवडत नसतील तर आमच्याकडे या. डिस्चार्ज कार्ड आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची तर नक्कीच. वजन किमान सहा महिने स्थिर असलं पाहिजे. अजून मूल हवं असेल तर दुरुस्ती बाळंतपणानंतर. मेडिक्लेम यासाठी सहसा पैसे देत नाही, आणि केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला जीएसटीची माफीही नाही.

‘चरबी विरघळवणारं इंजेक्शन’ आम्ही पोटाला देत नाही. अमेरिकेत 2015 साली अशा औषधाला मान्यता मिळाली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. कुठल्याही पार्लरमध्ये ते टोचून घेऊ नका. दुरुस्ती कुठेही करा, डॉक्टरांच्या पाटीवर प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का ते बघा.

ताप, व्रणाभोवती लाली, पू, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं यांतलं काही झालं तर आमच्या वेळेची वाट बघू नका. जवळच्या रुग्णालयात जा किंवा 108 ला फोन करा. पोटरीत रक्ताची गाठ झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. ऑपरेशननंतर लगेच गाडीत तासन्‌तास बसून गावी येणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. वाटेत दर तासाला उतरून चार पावलं चाला.

झोळाचे टाके साधारण दहा दिवसांनी काढतो. लांजा, राजापूर, गुहागरकडून येणाऱ्यांनी तेवढ्यासाठी पुन्हा एसटीचा प्रवास करायची गरज नाही. आम्ही चिठ्ठी देतो, ती दाखवून तुमच्या गावच्या डॉक्टरांकडे काढून घ्या आणि व्रणाचा एक फोटो आम्हाला पाठवा.